नंग कन्नड बरंगिल्री

धारवाडला मी शिकलेलं पहिलं वाक्य 'मला कानडी येत नाही' हे होतं. त्या एका वाक्याने माझा जेवढा घात केला तेवढा पुढच्या तीन वर्षांत दुसऱ्या कशानेच केला नाही. 'नंग कन्नड बरंगिल्री' हे मी बसमध्ये, आंघोळ करताना, भांडी घासताना इतकं घोटलं होतं की ते अगदी गावातल्या बाईसारखं तोंडातून निघायचं. समोरच्याला वाटायचं, बाई उगाच विनय दाखवतेय. मग तो हसून दुप्पट वेगाने कानडीत सुरू व्हायचा आणि मी काउंटरमागे मान हलवत बसायची. तोडकंमोडकं बोलले असते तर लोक थांबले तरी असते.

जून २०१८ची गोष्ट. बँकेत बढती हवी तर राज्याबाहेर जावं लागेल, असं कळलं होतंच. मी हो म्हटलं. ऑर्डर आली ती धारवाडपासून बसने पाऊण तासावरच्या एका गावची. आम्ही मूळचे नाशिकचे, कानडीशी आमचा संबंध उडुप्याच्या हॉटेलातल्या मालकापुरता. घरी फोन करून सांगितलं की आता कन्नड शिकावं लागणार, तर आई म्हणाली, "कन्नडला? म्हणजे चाळीसगावचा घाट चढला की झालं. शनिवारी-रविवारी येशील की." तिच्या डोक्यात औट्रम घाटाच्या वरचं कन्नड तालुक्याचं गाव होतं. मामाला मात्र बरोबर कळलं. त्याने तरुणपणी सीमाप्रश्नाच्या सभा ऐकलेल्या. "बेळगाव त्यांच्याकडे, आता तूही जा," एवढंच म्हणाला आणि फोन मामीकडे दिला. त्यावर काय बोलावं मला सुचलं नाही. अजूनही सुचत नाही.

पहिले चार महिने मी काहीही शिकले नाही, आणि त्याला जबाबदार लोकांचा चांगुलपणा. धारवाड १९५६पर्यंत मुंबई राज्यात होतं. जुन्या वळणाच्या घरांत अजून मराठी कळते, बऱ्याच जणांना बोलताही येते. मी तोंड उघडलं की रिक्षावाला हिंदीत यायचा, औषधाच्या दुकानातले आजोबा मराठीत, शाखेतले सहकारी दोन्हींच्या मिश्रणात. कुणी मला कानडीत अडकून पडूच द्यायचं नाही. पोहायला शिकवताना प्रत्येक वेळी हात देऊन वर काढावं, तसं. शहरात राहिले असते तर तीन वर्षं अशीच काढून परत आले असते आणि 'तिकडे काय, हिंदीवर भागतं' असं सगळ्यांना सांगत फिरले असते. भागतंही. पण माझी शाखा गावात होती, आणि तिथे सकाळी दहा वाजता दारात ज्या बायका उभ्या असत त्यांना ना हिंदी यायची ना मराठी. पासबुक पुढे करून त्या विचारायच्या, "रोक्का बंदैतेन्री?"

रोक्का. आपली रोकड. पैसे आलेत का हो? हा प्रश्न दिवसातून चाळीस वेळा कानावर पडला तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की हे 'रोख'च आहे. मग मी आणखी कान देऊन ऐकायला लागले. शेंगदाण्याला शेंगा. चहाला चा. किराणा मालाच्या दुकानाला किराणी अंगडी. मला वाटत होतं मी परक्या मुलखात आले आहे, आणि इथे अर्धा बाजार माझ्या ओळखीचा निघाला.

आमच्या शाखेतले शिपाई पंचावन्नचे, मिशीवाले. नाशिकला सगळे मला ताई म्हणायचे, म्हणून पहिल्याच आठवड्यात मी त्यांना म्हटलं, मॅडम नको, ताई म्हणा. ते एकदम गप्प झाले. नंतर कॅशियरने समजावलं, कानडीत 'तायि' म्हणजे आई. स्वतःहून पंधरा वर्षांनी लहान बाईने 'मला आई म्हणा' असं फर्मावल्यावर माणूस काय करणार? थोरल्या बहिणीला अक्का. तो शब्द आपल्याकडेही आहे, अण्णाही आहे, तूपही आहे. अडकित्ताही तिकडूनच आलेला. वापरताना कधी मनात आलं नव्हतं.

शिकवणी खरी सुरू झाली ती घरी. धारवाडात मी ज्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते त्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. अख्खी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, मीही म्हणू लागले. मी तीस दिवसांत कन्नड शिकवणारं एक पातळ पुस्तक विकत घेतलं होतं. त्यातलं वाक्य मी एकदा जिन्यात त्यांच्यावर टाकलं: "नीवु एल्लिगे होगुत्तिद्दीरि?" आपण कुठे चालला आहात? अक्का पायरीवरच बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. म्हणाल्या, हे आकाशवाणीचं कानडी झालं. इथे म्हणायचं, "एल्लि होंटीरी?" पुस्तकात 'आहे'ला 'इदे', धारवाडात 'ऐति'. पुस्तकात घर म्हणजे मने, इथे मनि. पाऊस पुस्तकात मळे, इथे मळि. आणि वाक्याच्या शेवटी 'री' लावायचंच. ते लावलं नाही तर तुम्ही उद्धट. हौद्री, याक्री, एन्री, कुंदर्री: हो, का, काय, बसा. कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला हे 'री' नवं नाही, पण आम्ही गोदावरीकाठचे, आम्हाला सगळंच नवं.

पुस्तक मी माळ्यावर टाकलं असं म्हणणार होते, पण ते खोटं होईल. लिपी मी त्यातच शिकले. आणि ती लिहून नाही, वाचून शिकले, तीही बसच्या खिडकीतून. अक्कांनी पहिलीच्या मुलांसारखं सुरू केलं होतं: अ अरस, आ आने, इ इलि. राजा, हत्ती, उंदीर. वर्णमाला आपलीच, क ख ग घ त्याच क्रमाने, त्यामुळे पाठ करायचं काही नव्हतं. फक्त आकार नवे. सगळे गोल, वर रेघ नाही, त्याऐवजी बहुतेक अक्षरांच्या डोक्यावर छोटीशी टोपी. तिला ते तलेकट्टु म्हणतात. व आणि म इतके जवळचे की म म्हणजे व-ला उजवीकडे आणखी एक शेपूट. द-चा ध करायचा तर खाली एक बारीक उभी चीर द्यायची, ब-चा भ करायचा तरी तीच चीर. हे मला फार आवडलं, आपल्या देवनागरीत एवढी शिस्त नाही.

रोज सकाळी बस एका वळणावर दोन मिनिटं थांबायची. समोर एका जेवणाच्या हॉटेलची निळी पाटी. पहिले पंधरा दिवस ती माझ्यासाठी वेलबुट्टी होती. मग एक दिवस त्यातलं 'न' ओळखू आलं. दुसऱ्या दिवशी 'व'. मी ते दोन आणि मधल्या जागा घेऊन दिवसभर फिरले. तिसऱ्या की चौथ्या दिवशी बस थांबली, मी पाटीकडे पाहिलं आणि काही न करता ती आपोआप वाचली गेली: खा-ना-व-ळी. खानावळी! कानडी अक्षरांत वाचलेला आयुष्यातला पहिला शब्द, आणि तो मराठी. मी शेजारच्या बाईला कोपराने ढोसून पाटी दाखवली. तिने पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी मांडीवर ओढून घेतली.

त्यानंतर मी पाट्यांवर तुटून पडले. अंगडी हा शब्द कितीतरी दिवस मी 'अ-शून्य-गडि' असा वाचत होते, कारण आपला अनुस्वार डोक्यावर टिंब, त्यांचा अक्षराच्या पुढे पूर्ण गोल. जोडाक्षरात दुसरं अक्षर खाली लोंबतं, ते जमलं. रफाराने मात्र रडवलं. आपण र वर लिहितो, ते अक्षराच्या नंतर लिहितात आणि वाचायचा आधी. डोळा पुढे जाऊन मागे यायला महिना लागला.

कान तयार व्हायला त्याहून जास्त. कानडीत ए दोन आहेत, ऱ्हस्व आणि दीर्घ. ओ-ही दोन. देवनागरीत हे लिहूनही दाखवता येत नाही. त्यामुळे इथे मी जे शब्द लिहितेय ते अर्धेमुर्धेच समजा. 'कोडु' ऱ्हस्व म्हटलं तर दे, लांबवलं तर शिंग. अक्का भाजी निवडताना दोन्ही एकापाठोपाठ म्हणायच्या आणि मी ओळखायचं. दहातले सहा बरोबर आले की त्या मला शेंगाचटणी द्यायच्या. नाहीतरी दिलीच असती.

व्याकरणात मात्र मी भाव खाल्ला. इंग्रजी शिकताना आपण प्रत्येक वाक्य उलटं करतो, हिंदी बोलतानाही कुठेतरी अडखळतो. कानडीत मी मराठी वाक्य घेऊन एकेक शब्द बदलत गेले तरी वाक्य उभं राहायचं. मला येत नाही: नंग बरंगिल्ल. भाषा आपल्याकडे 'येते', तिकडेही येतेच. करून बघ: माडि नोडु. करून टाक: माडिबिडु, फक्त ते टाकण्याऐवजी 'सोडतात'. निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'होगि बर्तीन्री', जाऊन येते. हिंदीत ज्याला दोन शब्द लागतात त्या 'नको'ला त्यांच्याकडे एक सणसणीत शब्द आहे: बेड. चहा? बेड. कर्ज? बेड. आणि 'म्हणे'सुद्धा आहे! शिपायाला विचारलं, साहेब आले का, तर तो सांगणार, "बंदिल्लंत." आले नाहीत म्हणे. मी पाहिलं नाही, मला कुणी तरी सांगितलं, आता खरं-खोटं तुम्ही बघा, एवढं सगळं त्या शेवटच्या 'अंत'मध्ये. बँकेच्या कामकाजात हा प्रत्यय किती उपयोगाचा आहे हे मी सांगायला नको.

आणि लिंग! मराठी शिकणाऱ्या कुणालाही विचारा, तो टेबल, ती खुर्ची, ते कपाट या भानगडीने त्याचा जीव जातो. कानडीत माणसं सोडून बाकी सगळं नपुंसक. बस आलं, पाऊस आलं, म्हैस आलं. मला हे इतकं सुटसुटीत वाटलं की पुढे रजेवर घरी आल्यावर मी 'गॅस सिलिंडर आलं' म्हणाले आणि लेकीने मला दोन दिवस चिडवलं.

एक गोष्ट मात्र कानडीने मला माझ्याच भाषेतली परत दिली. त्यांच्याकडे 'नाही' दोन आहेत. इल्ल म्हणजे नाही, वस्तूच नाही. अल्ल म्हणजे ती वस्तू ही नाही. मी अक्कांना विचारलं, फरक कसा लक्षात ठेवू? त्या मराठी वाचणाऱ्या. म्हणाल्या, तुमच्यात नाही आणि नव्हे आहे ना? मी गप्प. आहे. माझी आजी 'हा माझा चष्मा नव्हे' म्हणायची. मी कधी म्हणाल्याचं आठवत नाही. आम्ही सगळीकडे 'नाही'च लावून मोकळे.

सारख्या दिसणाऱ्या शब्दांनी फसवलंही भरपूर. एक गृहस्थ खात्याचा उतारा पुढे करून शांतपणे म्हणाले, "नंग अनुमान ऐत्री." मी समजले, यांचा काही तरी अंदाज आहे, म्हटलं छान, सांगा. त्यांचा चेहरा लाल. कानडीत अनुमान म्हणजे संशय. ते आमच्यावर संशय घेत होते आणि मी कौतुकाने मान हलवत होते. दुसरी गंमत फोनवरची. मी गच्चीत लेकीशी बोलताना सारखं 'नाय गं, नाय नाय' करत होते. अक्कांचा सहा वर्षांचा नातू धावत वर आला, आजूबाजूला बघायला लागला. नायि म्हणजे कुत्रा.

पण सगळ्यात वरचढ प्रसंग पीककर्जाच्या फॉर्मचा. फॉर्ममध्ये पहिला रकाना नावाचा. नाव म्हणजे हेसरु. मी पेन उघडून समोरच्या शेतकऱ्याला विचारलं, "हेसरु?"

तो म्हणाला, "हेसरल्री, हत्ति."

मी पेन खाली ठेवलं. हत्ती? पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. दोन एकरांत हत्ती. मागच्या रांगेतून कॅशियर हसत सुटला. हेसरु म्हणजे नाव, आणि हेसरु म्हणजेच मूगही. हत्ति म्हणजे कापूस. मी नाव विचारलं होतं. तो सांगत होता, मूग नव्हे हो, कापूस. आणि बघा, 'अल्ल'च वापरला होता, 'इल्ल' नाही. एवढं कळायला मला संध्याकाळ झाली.

आता आकड्यांकडे येते. बँकेतल्या माणसाला भाषेतलं बाकी काही आलं नाही तरी चालेल, आकडे यायलाच हवेत, आणि मी त्यांना सोपं समजून बसले. सोपेच आहेत. इप्पत्तु वीस, मग इप्पत्तोंदु, इप्पत्तेरडु; वीस-एक, वीस-दोन. आपल्यासारखं एकोणतीस, एकोणचाळीस असं पुढच्या दाराशी उभं राहून मागे बघणं नाही. नाल्कु, मूरु म्हणताना मला लहानपणीचा विटीदांडू आठवला. आमच्या गल्लीत मोजणी 'वकट, लेंड, मूंड, नाल' अशी चालायची. ते शब्द कुठले हे कुणी विचारलं नाही. आमचा कॅशियर बळ्ळारीचा, त्याला तेलुगूही यायची. त्याने ऐकलं आणि टेबलावर बोटं वाजवत म्हणाला, ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. मॅडम, तुम्ही नाशिकला तेलुगूत मोजत होता.

तर, ओंबत्तु म्हणजे नऊ. एंबत्तु म्हणजे ऐंशी. तोंबत्तु म्हणजे नव्वद. लिहिलेलं बघितलं की वाटतं, एवढा तर फरक आहे. तोंडात तंबाखू धरलेल्या, पुढचे दात नसलेल्या सत्तरीच्या माणसाच्या तोंडून ऐका.

तो जानेवारी होता, कापसाचे पैसे खात्यांत जमा होत होते, शाखेत उभं राहायला जागा नव्हती. एक अज्जा आले. खांद्यावर घोंगडी, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत पासबुक. लिहिता येत नव्हतं, म्हणून पैसे काढायची स्लिप मी भरून देत होते. किती? त्यांनी सांगितलं. मी लिहिलं: ८०,०००, खाली अक्षरी. मोठ्याने वाचून दाखवायचा नियम आहे, तो मी पाळला. पण गर्दीत, घाईत आणि माझ्या उच्चारात. अज्जांनी मान डोलावली. डाव्या अंगठ्याला शाई, ठसा, माझी सही. खात्यात एक लाखाच्या वर शिल्लक होती, त्यामुळे संगणकानेही काही हरकत घेतली नाही.

कॅशियरने नोटा मोजायला घेतल्या. पाचशेचं एक बंडल ठेवलं, दुसरं फोडून मोजायला लागला. अज्जा काचेतून बघत होते. आधी कौतुकाने, मग जरा काळजीने. शेवटी त्यांनी काचेवर टकटक केलं. कॅशियर म्हणाला, "एंबत्तु साविर, अज्जा." ऐंशी हजार.

"एंबत्तल्री!" अज्जा ओरडले. "ओंबत्तु! ओंबत्तु!" आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. दहा बोटं पसरलेली, त्यातला एक अंगठा आत दुमडलेला. शाई लागलेला तोच. सगळी रांग ते नऊ बोटांचं दृश्य बघत होती, आणि मी टेबलाखाली जागा शोधत होते.

स्लिप रद्द झाली, एंट्री उलटवली, नवीन ठसा घेतला. नुकसान काही झालं नाही. त्या रात्री मात्र मी जेवले नाही. ऐंशी हजार घेऊन ते माणूस एसटीने, म्हणजे तिकडच्या लाल बसने, एकटं घरी गेलं असतं तर? अक्कांना सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. त्यांनी त्या दिवसापासून महिनाभर मला फक्त आकडे विचारले. जिन्यात, अंगणात, भाजीवाल्यासमोर. इन्नूरु किती? दोनशे. मुन्नूरु? तीनशे. नानूरु, ऐनूरु. भाजीवालाही विचारायला लागला. मी एक नियम करून घेतला: रक्कम माणसाने बोटांवर दाखवल्याशिवाय पेन उघडायचं नाही. शाखेत हसले, पण मी सोडलं नाही.

मार्च २०२० नंतर तो नियम सगळ्यांच्याच कामी आला. ओठ बघून किती ऐकत होतो हे मास्क आल्यावर कळलं. माझ्यासारखीला तर निम्मी भाषा तिथेच गेली. वर काउंटरवर प्लॅस्टिकचा पडदा. दोन वर्षांत मोठ्या मुश्किलीने मिळवलेले ऱ्हस्व-दीर्घ ए त्या पडद्यापलीकडे राहिले. मी पुन्हा 'एन्री? एन्री?'वर आले. या काळात जर काही कमावलं असेल तर वाचन. रोज संध्याकाळी अक्कांचं कानडी वर्तमानपत्र घेऊन बसायची. सहा महिन्यांत मथळे, वर्षभरात अर्धी बातमी. अग्रलेख मात्र शेवटपर्यंत जमला नाही.

अक्का मला एकदा साधनकेरीला घेऊन गेल्या. तळं, बाग, आणि तिथलं द. रा. बेंद्र्यांचं घर. धारवाडी बोलीला ज्यांनी कवितेत मानाने बसवलं, १९७३चं ज्ञानपीठ ज्यांना मिळालं, त्यांची घरची भाषा मराठी. बरीच वर्षं सोलापूरच्या डी.ए.व्ही. कॉलेजात शिकवत होते. अक्का हे सगळं अशा सुरात सांगत होत्या की बघ, असंही होतं. मी म्हटलं, अक्का, मला अजून भाजीवाल्याकडे कढीलिंब मागता येत नाही. 'करिबेवु', त्या म्हणाल्या. करि म्हणजे काळा, बेवु म्हणजे कडुलिंब. चला.

श्रवणबेळगोळला गेले ती बदलीच्या आधी काही महिने. अनवाणी सहाशेच्या वर पायऱ्या, वर गोमटेश्वर. मला मूर्तीपेक्षा पायाशी काय कोरलंय ते बघायचं होतं. 'श्री चावुण्डराजे करवियले' हे शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं. मीही केलं होतं, दोन मार्कांसाठी. शाळेत कुणी हे सांगितलं नव्हतं की तीच गोष्ट तिथे कानडीतही कोरलेली आहे: माडिसिदं. जुनी लिपी मला वाचता आली नाही, पण शब्द माहीत होता. माडु म्हणजे कर, माडिसु म्हणजे करव. करवियले, माडिसिदं. करवून घेतलं. मराठीतली दुसरी ओळ गंगराजाची, 'सुत्ताले करवियले'. सुत्ताले म्हणजे मूर्तीभोवतीचा प्राकार, एवढं शाळेत टीपेत होतं. पण सुत्तु म्हणजे भोवती फिरणं, हे मला अक्कांनी शिकवलं होतं, तुळशीला फेऱ्या घालताना. मराठीच्या त्या जुन्या ओळीत मधोमध एक कानडी शब्द बसला होता आणि तो मला टीप न बघता कळला. घरी जाऊन मामाला फोटो पाठवला. त्याने नुसता अंगठा पाठवला.

जुलै २०२१मध्ये नाशिकची ऑर्डर आली. शेवटच्या आठवड्यात घोंगडीवाले अज्जा आले. मधल्या दोन वर्षांत ते कितीदा तरी आले होते, आणि दर वेळी काही बोलायच्या आत मला नऊ बोटं दाखवायचे, पासबुकात एंट्री मारायची असली तरी. आज नातवाबरोबर आले होते. ट्रॅक्टरचे आगाऊ पैसे भरायचे होते. त्यांनी मास्क हनुवटीवर ओढला, पडद्याच्या फटीत तोंड आणलं आणि एकेक अक्षर सुटं करून म्हणाले, "ई सल एंबत्तु. ओंबत्तल्ल."

मी पेन उघडलं नाही. म्हटलं, अज्जा, बोटं.

त्यांनी दोन्ही हात वर केले, या वेळी दोन्ही अंगठे आत दुमडून. मी मोजली, नातवाने मोजली, कॅशियरने मोजली. मग डावा अंगठा उघडून त्यांनी हात शाईच्या पॅडकडे पुढे केला.